नऊ आठवड्यांची मुलगी रात्री दर दोन तासांनी उठते. काही चुकतंय का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी दिवसा गाढ झोपते आणि रात्री दर दीड-दोन तासांनी उठते. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, शेजारच्या काकू जायफळ उगाळून द्या म्हणतात, आणि हे कधी थांबणार ते कुणीच सांगत नाही. मी डॉक्टर नाही. भोसरीत एका कारखान्यात तीन पाळ्यांत मशीन चालवतो आणि चौदा महिन्यांच्या मुलीचा बाप आहे. पण तिच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या बहुतेक रात्री माझ्याकडे वहीत लिहिलेल्या आहेत. किती वाजता प्यायली, किती वाजता झोपली, कधी उठली. कामावर मशीन बंद पडलं की वेळ लिहायची सवय आहे, तीच घरी लावली. त्या वहीच्या आधारावर सांगतो की तुमच्या मुलीचं जे चाललंय ते नऊ आठवड्यांच्या बाळाचंच चाललंय.

आमचं बाळंतपण इस्लामपूरला, बायकोच्या माहेरी झालं. सव्वा महिना झाल्यावर दोघी भोसरीला आल्या आणि त्याच आठवड्यात मुलीचं रडणं वाढलं. संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं ते दहापर्यंत. माझी आई रोज मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायची. मला वाटायचं, आमच्या दोन खोल्यांची हवा तिला मानवत नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, वजन केलं आणि सांगितलं की रडणं पहिले काही आठवडे वाढतच जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या नोंदी मांडल्या होत्या. त्यांतही सहाव्या आठवड्यात दिवसाकाठी पावणेतीन तास रडणं सर्वसाधारण निघालं होतं. हे ऐकलं त्या रात्री मुलगी तेवढीच रडली, पण माझे हातपाय गार पडले नाहीत.

आता झोपेचं. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, म्हणजे झोप कमी नसते. ती तुकड्यातुकड्यांत असते आणि ते तुकडे दिवसरात्र कसेही विखुरलेले असतात. पोटात असताना आईच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्याचा निरोप देणारं संप्रेरक, वारेतून बाळापर्यंत पोचत असतं. नाळ कापली की तो निरोप बंद होतो, आणि बाळाचं स्वतःचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. मी आठवड्याला पाळी बदलतो. रात्रपाळीहून पहिल्या पाळीवर आलो की तीन-चार दिवस पोट, डोकं, झोप काहीच जाग्यावर नसतं. माझं तर घड्याळ चाळीस वर्षांचं, बसलेलं. तुमच्या मुलीचं अजून बसवायचं काम चालू आहे.

दुसरी गोष्ट मला कळली तेव्हा आमच्या निम्म्या रात्री सुधारल्या, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन पन्नास-साठ मिनिटांचं असतं, आपलं साधारण नव्वदचं. आणि नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप ही हलती झोप असते. त्यात बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, ओठ चोखतं, हात झटकतं, डोळे अर्धवट उघडतं, हसतंसुद्धा. आमच्याकडे म्हणतात, सटवाई हसवते, सटवाई रडवते. ज्याने कुणी पहिल्यांदा हे म्हटलं त्याने झोपलेल्या बाळाकडे फार निरखून पाहिलं असणार. शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की या संशोधकानेही आधी झोपलेल्या बाळांच्याच डोळ्यांकडे तासन्‌तास पाहिलं होतं. त्यातूनच पुढे १९५३ मध्ये त्याने आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध जाहीर केला. आम्ही काय करत होतो? ती कण्हली रे कण्हली की उचलत होतो. झोपलेल्या पोरीला आम्हीच उठवत होतो. मग ठरवलं की आवाज आला की आधी नुसतं बघायचं, शंभर आकडे मोजायचे. वहीत त्या आठवड्यात सात-आठ ठिकाणी लिहिलंय, ‘कण्हली, परत झोपली.’ खरी भूक लागली असेल तर शंभरच्या आत कळतं. ती डोकं इकडेतिकडे फिरवते, मूठ तोंडात घालते. अशा वेळी रडण्याची वाट बघायची नाही, लगेच पाजायला घ्यायचं.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. रात्री उठते यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. या वयात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, मग त्यातलं काही रात्री येणारच. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं पुढच्या दुधाचीही सोय करतं. दूध पुरतंय का हे दोन गोष्टींवरून बघा. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, आणि वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढतंय का. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत वजन करून तो आकडा सासूबाईंना दाखवा. माझी आईही वजनाचा कागद बघूनच पावडरच्या डब्याचं बोलायची थांबली. त्यांना तुमच्या पोरीची काळजीच आहे, आणि आकड्याने ती निवते.

जायफळाला मात्र ठाम नाही म्हणा. जायफळातली द्रव्यं थेट मेंदूवर परिणाम करतात, आणि सहाणेवर किती वळसे म्हणजे किती मात्रा हे कुणालाच मोजता येत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणी आणि गुटीसुद्धा नको. माझी पणजी लालबागच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आजी सांगायची, कामावर जाताना बाया तान्ह्याला बाळागोळी देऊन निजवायच्या. त्या गोळीत अफू असायची. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीतही गिरणी कामगार बायकांची ही गोष्ट नोंदलेली आहे. त्या बायांना दहा तास खात्यात उभं राहायचं होतं आणि घरी बघायला कुणी नव्हतं. तो दोष मी त्यांना देणार नाही. पण तुमच्या घरी माणसं आहेत. गुंगी आलेलं बाळ झोपलेलं दिसतं, पण ते प्यायलाही उठत नाही.

त्याच कारणाने ही खूण लक्षात ठेवा. पाजायला उठवूनही उठत नाही, अंग ढिलं पडलंय, श्वास जोरात चालतोय, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप आहे, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आमच्या घरी सगळ्यांत मोठा फरक पडला तो पाळ्या लावल्याने. बायको रात्री नऊला पाजून सरळ दुसऱ्या खोलीत झोपायची. नऊ ते दीड माझी पाळी. बारा-साडेबाराला मुलीला भूक लागली तर संध्याकाळी पिळून ठेवलेलं दूध मी वाटी-चमच्याने पाजायचो. असं दूध साध्या हवेत चार तास ठेवता येतं, आम्ही ते फ्रीजमध्ये ठेवायचो. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं माझ्याकडे. दीडनंतर बायको. माझी रात्रपाळी असेल त्या आठवड्यात नऊ ते दीड आई बघायची. सलग साडेचार तास झोप मिळायला लागल्यावर चौथ्या दिवशी बायको सकाळी ओट्याशी गुणगुणत होती. तो आवाज मी दोन महिन्यांनी ऐकला. बाळ रात्रभर झोपावं म्हणून आम्ही जेवढा जीव काढला, त्यातला निम्मा जरी बायकोच्या झोपेसाठी आधी काढला असता तर बरं झालं असतं, हे मला फार मनापासून वाटतं.

बाळाच्या घड्याळाला मदतही करता येते, पण हळूहळू. सकाळी सातला मी पडदे उघडून तिला गॅलरीत घेऊन बसायचो. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, पाहुणे सगळं चालू द्यायचं, तिच्यासाठी अंधार करायचा नाही. रात्री मात्र झिरोचा दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही, आणि शी केली नसेल तर लंगोटही भिजून जड होईपर्यंत बदलायचा नाही.

झोपवायचं नेहमी उताणं. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. गादी घट्ट हवी. डोकं गोल व्हावं म्हणून आणलेली राईची उशी, जाड गोधडी, रात्री डोक्यावरची कुंची, हे सगळं आम्ही बाजूला ठेवलं. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे हलले पाहिजेत, आणि कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की गुंडाळणं बंद. झोळीत दिवसा, समोर कुणी बसलेलं असेल तरच. आणखी एक. रात्रपाळी करून आलेला असताना एकदा मी तिला छातीवर घेऊन सोफ्यावर बसलो आणि तसाच झोपलो. जाग आली तेव्हा ती माझ्या दंडाच्या आणि सोफ्याच्या मधल्या फटीत सरकली होती. तोंड मोकळं होतं म्हणून वाचली. तेव्हापासून डोळे जड झाले की मी आधी तिला खाली ठेवतो, मग ती रडली तरी चालेल. घरच्यांनाही हे सांगा.

किती दिवस, याचं उत्तर वहीतून देतो. आमच्या मुलीची सलग सर्वांत लांब झोप सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास होती, नवव्या आठवड्यात तीन तास चाळीस मिनिटं, तेराव्या आठवड्यात पाच तास. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग सोळाव्या आठवड्यात पुन्हा दोन तासांवर आली. या सुमाराला बाळाच्या झोपेची घडणच बदलते, मोठ्यांसारख्या हलक्या-गाढ पायऱ्या पडायला लागतात, आणि प्रत्येक हलक्या पायरीवर बाळ जागं होऊ शकतं. हे आधी माहीत नसल्यामुळे ते तीन आठवडे आम्हाला सगळ्यांत जड गेले. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, तसं झालं तर घाबरू नका. कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये छापून आला, सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती, आणि वर्षाच्या बाळांतही २८ टक्के. न झोपणाऱ्या बाळांच्या विकासात काही कमी आढळली नाही. दुसऱ्या कुणाचं बाळ तिसऱ्या महिन्यात रात्रभर झोपत असेल, तर ते त्या बाळाचं.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, ‘ती झोपली तरी मला झोप येत नाही.’ ताई, मला सगळ्यांत जास्त काळजी या वाक्याची वाटते. सतत रडू येत असेल, बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील, काहीच नको वाटत असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. आपल्या देशात पाच बाळंतिणींमागे एकीला तरी ते होतं आणि उपचाराने बरं होतं. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि हे उत्तर तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या. दादा, आज रात्री नऊ ते दीड तुम्ही. दुधाची वाटी, चमचा, दोन कोरे लंगोट आणि एक वही उशाशी घेऊन बसा.