हिरवी पट्टी

गड्डा यात्रेच्या दिवसांत नोकरीचा सल्ला मागायला माझ्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. होम मैदानावर यात्रा भरलेली असते, अर्धं सोलापूर तिकडं. तशाच एका संध्याकाळी हा मुलगा आला. वय सत्तावीस, बीएस्सी केमिस्ट्री. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. प्रश्न मात्र तोच ठेवलाय, कारण तो घेऊन दर महिन्याला कोणी ना कोणी येतंच: कंत्राटावर रुजू होऊ का? पुढं कायम करतील याची काय गॅरंटी?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात, लॅबमध्ये, जागा मिळत होती. ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांसाठी, पगार १९,५००. "काम बघून आत घेऊ," असं एचआरवाले म्हणाले होते. सध्या तो अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात रंगाच्या शेड जुळवायचा, १४,००० वर.

"पण इथं मी पर्मनंट आहे, मॅडम."

"पर्मनंट म्हणजे काय रे?"

"म्हणजे... मालक काढणार नाहीत."

पुढच्या वेळी दोन्ही नोकऱ्यांचे कागद घेऊन ये म्हटलं. नव्या नोकरीचं पत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून आणलं होतं. जुनीचं म्हणून त्यानं खिशातून पगाराचं एक पाकीट काढलं. त्यावर पेन्सिलीनं त्याचं नाव आणि रक्कम. मागच्या महिन्याचा आकडा खोडून त्याच पाकिटावर या महिन्याचा लिहिलेला. तीन वर्षांत नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, पीएफ नाही. टेबलावर ते पाकीट आणि ती फाइल शेजारी शेजारी पडून होती. मी काही बोलले नाही, तोही बराच वेळ बोलला नाही.

मग हिशेबाला बसलो. समुपदेशन म्हणजे नुसतं मनातलं ऐकून घेणं असं लोकांना वाटतं. माझा निम्मा वेळ कॅल्क्युलेटरवर जातो. मूळ पगार १५,००० धरलेला, त्यावर बारा टक्क्यांनी १,८०० पीएफ. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, त्याचे पाऊण टक्क्यानं १४७. व्यवसाय कर २००. हातात १७,३५३. चिंचोळीपर्यंतचं पेट्रोल वजा केलं की आजच्यापेक्षा फार मोठी उडी नव्हती. पण पीएफमध्ये कंपनीच्या बाजूचे पैसेही पडणार होते, आणि आजारपणाला ईएसआय होतं. १९,५०० मध्ये मालकाचा हिस्साही मोजलाय का, हे मात्र आधी विचारून घे म्हटलं. 'सीटीसी', म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च, या तीन अक्षरांत बऱ्याच पोरांचे पहिले पगार आटतात.

"मॅडम, दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करावंच लागतं ना?"

हे मी फार ऐकते. तो हिशेब कंपनीनं थेट घेतलेल्या तात्पुरत्या कामगारांसाठीचा. ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या माणसाला त्यातून मूळ कंपनीत आपोआप हक्क मिळत नाही. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मात्र मूळ कंपनीवर येते. म्हणून 'आत घेऊ' हे तोंडी वाक्य शून्य धरायचं आणि उरलेल्यावर निर्णय घ्यायचा. मी त्याला एवढंच विचारून यायला लावलं: या लॅबमधल्या ठेकेदाराच्या किती पोरांना गेल्या दोन वर्षांत आत घेतलं? अनुभवाचं पत्र कोण देणार? ठेकेदार बदलला तर काय? आणि हे एचआरला नाही, गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचार.

टपरीवर कळलं, चौघांना घेतलं, तिघे सोडून गेले, बाकीचे अजून ठेकेदाराकडेच. ओळखपत्राची पट्टी कायमवाल्यांची निळी, ठेकेदारवाल्यांची हिरवी, हेही तिथंच समजलं. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पैशांचं पटलं होतं. पण स्थळं बघणं सुरू होतं, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न 'पर्मनंट आहे का' हाच विचारतात.

"अप्पांना काय सांगू? गिरणीत कायम होते ते."

मी अप्पांनाच घेऊन ये म्हटलं. आले. पांढरी टोपी, खुर्चीच्या कडेवर बसले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि पोराकडं बघत म्हणाले, "आरं, मी बी सात वर्सं बदलीवरच होतो की. भोंग्याला गेटावर हुभं ऱ्हायाचं. कोण दांडी मारली तर माग मिळायचा, न्हाईतर आल्या पावली घरला."

मुलाला हे माहीतच नव्हतं. घरात आजवर फक्त 'अप्पा गिरणीत कायम होते' एवढंच सांगितलं गेलं होतं.

"मग कायम झालात तेव्हा?" मी विचारलं.

"पेढे वाटले. मग काय वर्सांनी गिरणीच बसली." चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर मारली. "हिशेब मिळायला लई हेलपाटे झाले. पोरगं तवा बारकं होतं."

त्या दिवशी मी आणखी काही सांगायला गेले नाही.

तो रुजू झाला. दर महिन्याला पीएफचं पासबुक मोबाइलवर बघायची सवय लावून घे, हे मी दोनदा बजावलं होतं. तिसऱ्या महिन्यात एका महिन्याचा भरणा दिसेना, तेव्हा त्यानं ठेकेदाराच्या ऑफिसात आणि कंपनीतही लेखी अर्ज दिला. आठवड्यानं पैसे जमा झाले. मला त्याचा स्क्रीनशॉट आला, वर हात जोडलेले.

पट्टी अजून हिरवीच आहे. स्थळंही येताहेत. परवा फोनवर हसत सांगत होता, पाहुण्यांनी पर्मनंटचं विचारलं की अप्पा त्याला बोलूच देत नाहीत, स्वतःच "बदलीवर हाय" म्हणून मोकळे होतात, आणि पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्यांना तेवढं ते कळतं.