पहिलं मत आणि घरातले वाद

प्रश्न: ताई, मला नुकतीच १८ पूर्ण झाली, पहिल्यांदाच मत देणार आहे. बाबा एका पक्षाचे कट्टर, जवळचा मित्र दुसऱ्या पक्षाचा, दोघं आपापले व्हिडिओ पाठवत राहतात आणि मी काही विचारलं की भांडणच. ठरवू कसं?

उत्तर: आधी मतदार यादीत नाव आहे का बघ, नुसतं वोटर कार्ड असून चालत नाही. नसेल तर फॉर्म ६ भर, ऑनलाइन भरता येतो. मग ते व्हिडिओ बाजूला ठेव आणि उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाच, खरंच वाच, कंटाळा करू नकोस. लोकसभा असो की विधानसभा, प्रत्येकाला अर्जासोबत हे प्रतिज्ञापत्र, म्हणजे फॉर्म २६, द्यावंच लागतं, त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहिलेलं असतं आणि निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं, मला तर वाटतं दहा भाषणांपेक्षा यातून जास्त कळतं. आत्ताच्या खासदाराने संसदेत काय प्रश्न विचारले तेही ऑनलाइन सापडतं.

बाबांना "तुमचं चुकतंय" म्हणू नकोस, त्यांना तो पक्ष का पटतो ते विचार आणि मधे न तोडता ऐक, त्यांनी काही बघितलं भोगलं असेल त्यातून ते मत आलेलं असतं. मित्राचंही तसंच. पटलंच पाहिजे असं नाही.

आणि मत गुप्त असतं गं, कुणाला दिलं ते बाबांनाही सांगायची सक्ती नाही. कुणीच नाही पटलं तर २०१३ पासून मशीनवर नोटाचं, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'चं, बटण आहेच.