आंब्याच्या खोडावर सीतेची वेणी (झाडांच्या सालीवर वाढणारं ऑर्किड) काथ्यात गुंडाळून बांधली तर जगेल का? खत कोणतं घालू?

आंब्यावर जगेल, काथ्यात नाही. फणस, ऐन हेही चालतात. साल खरखरीत आणि टिकणारी हवी. पेरू, निलगिरी, अर्जुन नकोत. त्यांची साल सुटते आणि रोप तिच्यासकट खाली येतं.

आता काथ्या. या ऑर्किडच्या जाड मुळांवर पांढरट स्पंजासारखा थर असतो. पाणी पडलं की तो लगेच हिरवट होतो, आणि काही तासांत वाळून पुन्हा रुपेरी व्हायला हवा. काथ्याखाली तो वाळतच नाही. मूळ तपकिरी पडतं, चिमटीत ओढलं तर वरचं साल हातात येतं, आत नुसता दोरा उरतो. मुळं गेली की पानं सुरकुततात. माणसाला वाटतं तहान लागली, म्हणून तो आणखी पाणी घालतो. कारभार आटोपला.

बांधायचं जूनच्या तोंडावर, मुळांना हिरवी टोकं फुटू लागली की. खोडाची पूर्वेची बाजू, पाच-सहा फूट उंची. कुजकी मुळं छाटा आणि जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्टीने रोप घट्ट आवळा. हललं तर कोवळं टोक सालीवर घासून मरतं, मूळ धरतच नाही. टोकांवरून पट्टी नेऊ नका. तांब्याची तार तर नकोच. शेंडा जरा बाहेर कलता ठेवा, नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा सडतो. गोगलगायी रात्री हीच टोकं खातात, टॉर्च घेऊन वेचा.

खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी भिजवलेल्या मुळांवर फवारून. थंडीत बंद. फुलं मे-जूनच्या सुमारास येतात, पण पहिल्या वर्षी आशा धरू नका.

रोप प्रयोगशाळेत वाढवलेलंच घ्या. रानातून ओरबाडलेल्याची अर्धी मुळं सालीलाच राहिलेली असतात, शिवाय ती चोरीच.

हां, हवा फार कोरडी असेल तर उन्हाळ्यापुरतं मूठभर शेवाळ मुळांच्या एका कडेला चालेल, पावसाआधी काढायचं.

आमच्या ग्रुपवर एक काका दरवर्षी ठासून सांगतात, "नर्सरीवाले काथ्याच वापरतात." वापरतात, काका, पण लाकडी पट्ट्यांच्या टांगत्या टोपलीत, जिला चहूबाजूंनी वारा लागतो. खोडाला करकचून बांधलेल्या गाठोड्यात वारा कुठून शिरणार?