पाळीव उंदरांसाठी लपायची घरं कशी निवडावीत आणि डब्यात कुठे ठेवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला वन-रूम-किचनमध्ये राहता, तीन पांढऱ्या माद्या आणल्यात आणि दुकानातून एका दाराचं प्लास्टिकचं घर घेतलंय. दोघी आत झोपतात, तिसरी पाण्याच्या बाटलीखाली अंग चोरून बसते. घर बदलावं का, किती घरं लागतील, कुठे ठेवायची, आणि आत काय चाललंय ते दिसतच नाही, त्याचं काय करायचं.

तुमची तिसरी घाबरट नाही. तिला आत येऊ देत नाहीयेत, म्हणून ती बाहेर बसते. लालबागच्या आमच्या खोलीत हे माझ्यासमोर घडलंय. तेव्हा आमच्याकडेही एका दाराचं लाकडी घर होतं आणि भुरी रोज कोपऱ्यात कुडकुडल्यासारखी बसायची. एका रात्री ट्यूबलाइट बंद करून देवघरातला छोटा दिवा तेवढा ठेवला आणि डब्यासमोर बसले. बर्फी घराच्या दारात आडवी बसलेली, मिशा हलतायत. भुरी आली, नाक पुढे केलं. आतून दोन पंजे चटकन बाहेर आले आणि ती मागे फिरली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती आत घुसली, आतून बारीक किंचाळणं ऐकू आलं, पण तिला बाहेर पडता येईना, कारण दार एकच आणि त्यात बर्फी. सकाळी बघितलं तर शेपटीच्या मुळाशी दोन ठिकाणी चावल्याच्या खुणा.

त्याच दिवशी चपलेच्या खोक्याला समोरासमोर दोन दारं कापली आणि लाकडी घर काढून ते खोकं ठेवलं. तिसऱ्या रात्री तिघी एकीवर एक अशा झोपल्या होत्या. तेव्हापासून माझ्या डब्यात एका दाराचं घर गेलेलं नाही. उंदराला लपायची जागा हवी तशीच पळायची वाटही हवी.

पण त्याआधी एक खात्री करा: तिघीही माद्याच आहेत ना? दुकानात सर्रास चूक होते. मोठ्या नराच्या शेपटीखालच्या गोळ्या उघड दिसतात. नर निघाला तर घरं मांडत बसू नका, आधी त्याला वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर एकोणीस ते एकवीस दिवसांत पिल्लं.

आता घरं. तीन उंदरांना निदान चार घरं ठेवा, म्हणजे रुसून बसणारीलाही जागा उरते. सगळी विकत घ्यायची अजिबात गरज नाही. माझी सगळ्यात आवडती वस्तू नारळाची करवंटी. खवून झालेली करवंटी उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आतला उरलेला खोबऱ्याचा पापुद्रा सुटतो. तो राहिला तर पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. मग काठाला करवतीच्या पात्याने समोरासमोर दोन खाचा पाडा, कडा सँडपेपरने घासा आणि बाहेरच्या सुंभासारख्या लांब शेंड्या काढून टाका. ही पालथी घातली की आत अंधार, ऊब आणि अंगाला अंग लागेल एवढीच जागा. मोठं प्रशस्त घर आपल्याला आवडतं, उंदराला बिळासारखं घट्ट आवडतं.

दाराचं माप नीट घ्या. दोन बोटं सहज जातील एवढं दार हवं. त्याहून लहान भोकात जाडी किंवा गाभण मादी अर्धी अडकते. म्हणून लहान कुंडी आडवी ठेवून घर करणार असाल तर तिच्या तळाचं भोक आधी बुजवा किंवा ती कुंडीच नको. डब्याच्या झाकणाची जाळी मात्र अर्ध्या सेंटिमीटरची किंवा त्याहून बारीक, कारण उंदराचं डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच.

संक्रांतीची सुगडं घरात पडून असतील तर तीही कामाला येतात. रंग नसलेलं, हळदकुंकू धुऊन काढलेलं, साध्या मातीचं सुगड आडवं ठेवलं की मे महिन्यात ते आतून थंड राहतं. मात्र त्याला तोंड एकच, म्हणून एकट्या राहणाऱ्या नराच्या डब्यात ठीक, तुमच्या तिघींना नको. मातीचं किंवा दगडाचं जड काहीही ठेवाल तर ते भुशावर ठेवू नका, थेट डब्याच्या तळावर टेकवा आणि मग भोवती भुसा भरा. उंदीर खालून पोखरतात आणि वरचं वजन त्यांच्या अंगावर येतं.

प्लास्टिकचं घर टाकून द्यायला नको, पण मुंबईच्या हवेत ते एकमेव घर असू नये. आत श्वासाची वाफ धरते, लघवीचा उग्र वास साठतो आणि उंदरांची छाती मुळात नाजूक. डागणीने किंवा कटरने त्याला दुसरं दार पाडा आणि खरखरीत कडा घासून घ्या. लाकडी घर पावसाळ्यात फुगतं आणि मूत शोषून घेतं, ते दिवाळीनंतर वापरायला काढा. अंड्यांचा कागदी ट्रे, टिश्यूची नळकांडी, लहान खोकी ही वापरून फेकायची घरं. जुलैत ती दोन-तीन दिवसांत मऊ पडतात, मऊ पडली की बदला.

तुम्हाला आत बघायचं आहे, त्यावर एक चांगला उपाय आहे. उंदरांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. लाल पारदर्शक प्लास्टिकचं घर त्यांना आतून अंधारं वाटतं आणि आपल्याला सगळं दिसतं. प्रयोगशाळांत अशी घरं वापरतात. चार घरांपैकी एक असं ठेवा, त्यालाही दोन दारं. पण बघायला म्हणून छप्पर उचलू नका. वरून येणारा हात म्हणजे त्यांच्यासाठी घारीचा पंजा. रोज छप्पर उडणाऱ्या घराला ते घर मानत नाहीत आणि मग भुशात खोल बीळ करून बसतात.

आता मांडणी, आणि खरा फरक इथेच पडतो. उंदीर मोकळ्या मैदानातून चालत नाही, भिंतीच्या कडेने चालतो. तुमचा डबा तीनेक विती लांब असेल असं धरते. झोपायचं मुख्य घर सगळ्यात अंधाऱ्या मागच्या कोपऱ्यात ठेवा, पंख्याचा झोत येणार नाही असं. दुसरं त्याच्या तिरक्या कोपऱ्यात, म्हणजे दोघींचं वाजलं तर एकीला खरोखर लांब जाता येईल. चारही घरं एका रांगेत किंवा एकमेकांना चिकटवून ठेवली तर बर्फीसारखी एखादी सगळ्यांवर पहारा करते. आणि दोन दारांचं घर भिंतीला चिकटवू नका. मागचं दार भिंतीवर आपटत असेल तर ते दार धरायचंच नाही. दोन बोटं फट ठेवा.

मधल्या मोकळ्या जागेत नळकांडी, सुक्या काटक्या, उलटा अंड्यांचा ट्रे टाका, म्हणजे एका घरातून दुसऱ्यात आडोशानेच जाता येतं. एक आडोसा पाण्याच्या बाटलीजवळ हवाच. तुमची तिसरी सध्या तिथे बसते, तर तिची पहिली करवंटी तिथेच ठेवा. तिने निवडलेली जागा तिला द्या. दाणे एका वाटीत न देता डब्यात पसरून टाका, म्हणजे वाटीवरची भांडणं संपतात.

घरांच्या आत भरायला साधा पांढरा टिश्यू किंवा न छापलेल्या कागदाचे कपटे. देवाच्या वातींचा कापूस देऊ नका, धागे पायाला गुंडाळतात आणि गिळले तर पोटात अडकतात. खाली निदान चार बोटं जाडीचा भुसा, पण देवदाराचा किंवा सुवासिक नको आणि धूळवाला तर नकोच.

एका खोलीच्या घरात डबा कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचं. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांना उजेड सोसत नाही आणि आपल्याकडे ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत चालू. डब्याच्या दोन बाजूंना बाहेरून जुनं कापड लावा. टीव्हीच्या शेजारी नको, कुकरच्या ओट्यावर नको, उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर जाईल तिथे नको. मुंग्यांसाठी आजीच्या जाळीच्या कपाटासारखं स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू आणि डांबरगोळ्या डब्याच्या आसपासही नकोत. एप्रिल-मेमध्ये एका घराच्या तळाशी फरशीचा तुकडा ठेवा, दुपारी सगळ्या त्याच्यावर पसरलेल्या दिसतील.

सगळी घरं एकाच दिवशी धुऊ नका. उंदराला घर वासावरून कळतं. सगळा वास एकदम गेला की पुन्हा हद्दीची भांडणं सुरू. या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात दोन, गरम पाण्याने, फिनेल न घालता, उन्हात वाळवून. आणि मुख्य घरातले कोरडे जुने कपटे मूठभर परत आत टाका.

आज रात्री दोन करवंट्या आणि एक दोन दारांचं खोकं एवढं केलंत तरी पुरे. नंतर तीन दिवस हात आत घालायचा तो फक्त दाण्यापाण्यासाठी. चौथ्या दिवशीही तिसरी बाटलीखालीच असेल तर शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर चावे आहेत का ते बघा. चावे ताजे असतील तर तिला लगेच वेगळं करा. नसतील तर डब्याचं माप आणि दारं कुठल्या बाजूला आहेत ते इथे लिहा, मी मांडणी सुचवते.