आधी षटकं टाक

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. निवड झाली नाही याचं वाईट वाटणारच. त्यावर मी काही बोलत नाही, ते तुझं तू पचवशील. मला राग आला तो तुझ्या पुढच्या बेतांचा. चार महिने बॉलिंग बंद ठेवायची, नुसती जिम करायची आणि स्पीडगनवर ताशी 128 किलोमीटरचे 138 करून दाखवायचे. शिवाय नकल बॉल, म्हणजे बोटांच्या पेरांनी धरून टाकायचा तो फसवा संथ चेंडू, शिकायचा. शिवाय कोणीतरी म्हणालं म्हणून दुसऱ्या राज्याकडून खेळायला जायचं. एवढा लांब मेसेज, आणि त्यात षटकं टाकण्याबद्दल एक ओळसुद्धा नाही!

तू झहीर खानचं नाव घेतलं आहेस, तुझ्यासारखाच डावखुरा वेगवान गोलंदाज, तर झहीरचंच बोलू. तुझ्या मोबाइलवर त्याच्या दोन क्लिप आहेत, मला माहीत आहेत. एक नैरोबीची, 7 ऑक्टोबर 2000, त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाची, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची दांडी उडवणारा, थेट पायाशी पडलेला यॉर्कर. दुसरी 2007 ची, इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजवर क्रीजजवळ टाकलेल्या जेली बीन्सच्या गोळ्यांमुळे तो भडकला तेव्हाची. या दोन्हींच्या मधली सात वर्षं कोणी क्लिप करून टाकत नाही. तुझ्या कामाची तीच आहेत.

त्या सात वर्षांत जोहान्सबर्गचा 2003 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना येतो. पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या, 7 षटकांत 67. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेनला पाच बळी घेतले आणि लगेच मांडीच्या मागचा स्नायू गेला. मग आत-बाहेर सुरू. जानेवारी 2006 च्या कराची कसोटीत भारताने तीन डावखुरे वेगवान गोलंदाज खेळवले: इरफान पठाण, आर. पी. सिंग आणि झहीर. पठाणने पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेतली. त्यानंतर झहीर संघाबाहेर. दोनच महिन्यांत श्रीशांत आणि मुनाफ पटेल कसोटी खेळले. झहीर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचं संपलं असं म्हणणारे पुष्कळ होते. 'डावखुऱ्याला कुठेही जागा मिळते' असं तू लिहिलं आहेस ना? त्या कराचीच्या संघाकडे बघ आणि हे डोक्यातून काढून टाक.

मग त्याने काय केलं? तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक क्रिकेट, खेळायला गेला आणि षटकं टाकली. काउंटी म्हणजे चार दिवसांचा सामना, सामान बांधायचं, पुढचं गाव, पुन्हा चार दिवसांचा सामना. कॅमेरे नाहीत, गर्दी नाही. पदार्पणाच्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध दहा बळी, आणि हंगामाअखेर प्रथम श्रेणीचे 78. आकडा सोड. त्या 78 बळींच्या मागे किती न मिळालेले बळी असतील, बॅटची कड लागूनही किती झेल सुटले असतील, थकलेल्या पायांनी टाकलेले किती तिसरे-चौथे स्पेल, म्हणजे सलग षटकांचे हप्ते, असतील, याचा विचार कर. त्याच काळात त्याचा रनअप आखडला, उडी आवरली. माझं मत विचारशील तर हे त्याला षटकांनीच शिकवलं. दिवसाच्या शेवटच्या स्पेलला अंगात जेवढं उरतं, तेवढ्यातच चेंडू नीट पडला पाहिजे. जे नको असेल ते शरीर आपोआप टाकून देतं. पण त्यासाठी शरीराला तिथपर्यंत न्यावं लागतं, आणि नेटमधल्या वीस चेंडूंनी कोणी तिथे पोचत नाही.

मग आलं 2007. ट्रेंट ब्रिजवर पहिल्या डावात चार, दुसऱ्यात पाच, तीन कसोटींत मिळून 18, आणि 1986 नंतर पहिल्यांदा आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो.

आता तुझ्या बॉलिंगकडे येऊ. गेल्या रविवारी मी अंपायरच्या मागे उभा राहून तुझा अख्खा स्पेल पाहिला. पहिली चार षटकं उत्तम. पाचव्या षटकापासून तुझं डोकं उजवीकडे पडायला लागतं. डोकं गेलं की डावा हात उभा राहत नाही. मनगट चेंडूच्या मागून बाजूला सरकतं आणि सीम, म्हणजे चेंडूची शिवण, डुगडुगते. मग जो चेंडू टप्पा पडून आत यायला हवा, तो तसाच तिरका स्लिपच्या दिशेने निघून जातो. उजव्या हाताचा फलंदाज बॅट वर उचलतो आणि सोडून देतो. त्या दिवशी दोन जम बसलेल्या फलंदाजांनी तुला तसंच सोडलं. फलंदाजाला भीती कशाची असते? आत येणाऱ्या चेंडूची. पॅडवर आदळेल, पायचीत होईन, याची. ती भीती गेली की बाहेर जाणाऱ्या चेंडूला तो कशाला बॅट लावेल? तुझा वेग तेव्हाही 128 च्या आसपासच होता. वेगाचं काहीच बिघडलं नव्हतं रे! बिघडलं होतं डोकं आणि मनगट, आणि ते पाचव्या षटकात बिघडतं. ते दुरुस्तही पाचव्या, सहाव्या, सातव्या षटकातच होणार. चार महिने जिम करून तू परत येशील तेव्हा तेच डोकं 138 च्या वेगाने पडेल.

जिम करू नकोस असं मी म्हणत नाही. कर. पण षटकं टाकून झाल्यावर कर.

नकल बॉलचंही तेच. 2011 च्या विश्वचषकात चेन्नईला डेव्हन स्मिथचा आणि अहमदाबादला माइक हसीचा त्रिफळा झहीरने ज्या चेंडूंवर उडवला, ते सगळ्यांनी पाहिले. त्याच्याआधी त्याच्या खात्यात दहा वर्षांची आंतरराष्ट्रीय षटकं होती. फलंदाज त्याच्या नेहमीच्या चेंडूची वाट बघत असायचा, म्हणून तो वेगळा चेंडू चालायचा. तुझा नेहमीचा चेंडू कोणता, ते अजून तुलाच ठाऊक नाही. रिव्हर्स स्विंगच्या वेळी, म्हणजे जुना चेंडू उलट्या बाजूला वळवताना, धावत येताना झहीर उजव्या हाताने चेंडू झाकायचा, चकचकीत बाजू कुठे आहे ते फलंदाजाला शेवटपर्यंत दिसू द्यायचा नाही. हे तू मला कौतुकाने दाखवलं होतंस. झाकण्यासारखं काही हातात असावं लागतं, बाळा. आधी मुळाक्षरं गिरव, मग सही वळणदार कर.

दुसऱ्या राज्यात जायचं? खुशाल जा. झहीर, श्रीरामपूरचा हा मुलगा, इंजिनिअरिंग सोडून मुंबईत आला, क्रॉस मैदानावर नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक सरांच्या हाताखाली तयार झाला, आणि मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून बडोद्याला गेला. 2000-01 च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन त्याने बडोद्याला करंडक मिळवून दिला. (याच नाईक सरांनी पुढे 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्याची वानखेडेची खेळपट्टी तयार केली. त्या खेळपट्टीवर झहीरच्या पहिल्या तीन षटकांत एकही धाव निघाली नाही. मला हे आठवलं की अजून भरून येतं.) जिथे जाशील तिथे पहिला प्रश्न विचार, मला सामन्यात षटकं मिळतील का? पैसे, किट, संघाचं नाव हे सगळं नंतर.

मी हे कळकळीने का सांगतो, तेही ऐक. मीही डावखुरा. मला एका नावाजलेल्या संघाने राखीव म्हणून घेतलं होतं. ब्लेझर मिळाला, नेटमध्ये मोठमोठ्या फलंदाजांना हवे तसे चेंडू टाकायला मिळाले, आणि सामन्यात षटकं मिळाली नाहीत. माझ्याहून कमी समजला जाणारा एक मित्र मैदानामैदानांत रोज राबत होता. तो बघता बघता माझ्या पुढे गेला. मी तो संघ सोडला नाही, कारण नोकरी त्या संघामुळे होती आणि नोकरीवर घर होतं. आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन, माझ्या बहिणींची लग्नं त्यावर झाली. पण संध्याकाळी नेट सुटल्यावर न थकलेला खांदा घेऊन घरी जाणं काय असतं ते मला माहीत आहे. तुझ्यावर घर चालवायची वेळ नाही. मग तू आपणहून चार महिने बॉलिंग का थांबवतोस?

तुझे वडील म्हणाले, 'सर पोरांना फार राबवतात.' त्यांना मी समोर उत्तर दिलं नाही, इथे देतो. दुखापत राबण्याने होते तशी अचानक राबण्यानेही होते. जुलै 2011 मध्ये झहीर इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सवर उतरला. त्याआधी आयपीएलची चार-चार षटकं, मग वेस्ट इंडीजचा दौरा हुकलेला. पहिल्या दिवशी 13.3 षटकं टाकून, दोन बळी घेऊन तो लंगडत बाहेर गेला, आणि आपण ती मालिका 4-0 हरलो. शरीराला लांब स्पेलची सवय तुटली होती, असं मी मानतो. डॉक्टर वेगळं सांगतील, सांगू देत. माझ्या हाताखालच्या मुलांना मी षटकं हळूहळू वाढवून देतो, दुखलं की थांबवतो, पण पूर्ण बंद कधीच करत नाही. 92 कसोटी आणि 311 बळी अशी कारकीर्द इतक्या दुखापतींतून उभी राहते, ती माणूस दर वेळी परत चेंडू हातात घेतो म्हणून.

मंगळवारी साडेसहाला ये. नवा चेंडू आणू नकोस, रविवारच्या सामन्यातला तो फाटायला आलेलाच आण. रनअप आपण टेपने मोजून दोन पावलं कमी करून बघू. आधी आठ षटकं सलग, मध्ये पाणी, मग पुन्हा चार. पाचव्या षटकापासून मी तुझ्या डोक्याकडेच बघत उभा राहणार आहे. स्पीडगन घरी ठेव. आणि वडिलांना म्हणावं, वेळ असेल तर त्यांनीही यावं.

तुझा,
सर