'अनौरस' नक्की कोणाच्या तोंडी घालायचा? नायकाच्या जन्माचं गुपित आणि मराठी शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई मराठीत फँटसी लिहितायत, मोठी, तीन-चार भागांची. नायक एका सुभेदाराच्या वाड्यात वाढलेला, सगळे त्याला सुभेदाराचा बाहेरचा मुलगा समजतात आणि शेवटी कळतं की तो राजघराण्यातला आहे. त्यांनी विचारलंय की त्याच्यासाठी 'अनौरस' वापरू, 'दासीपुत्र' वापरू की 'कानीन', आणि गुपित उघड होतं त्या प्रकरणाला 'खुलासा' म्हटलं तर चालेल का.

आधी 'अनौरस'. औरस हा शब्द उरस् म्हणजे छाती यावरून आलाय, स्वतःच्या लग्नाच्या बायकोपासून झालेला तो औरस, आणि जो तसा नाही तो अनौरस. शब्द बरोबर आहे पण तो कोर्टातला आणि पेपरातला आहे, वाड्यातली मोलकरीण किंवा तालमीतला पोरगा भांडताना कधीच "अरे अनौरसा" म्हणणार नाही. ती माणसं बाहेरचा म्हणतील, बिनबापाचा म्हणतील, ठेवलेलीचा म्हणतील. थोडा जुना काळ दाखवायचा असेल तर लेकवळा आहे, कमअस्सल आहे, हे दोन्ही मराठेशाहीच्या वातावरणात छान बसतात. अकरमाशी हा शब्द मात्र विचार करून वापरा. बारा मासे म्हणजे एक तोळा, अकराच मासे भरले म्हणजे सोनं कमी पडलं, यावरून तो माणसाला चिकटवला गेला. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आल्यापासून त्या शब्दामागे खऱ्या माणसांनी भोगलेलं सगळं उभं राहतं, आणि शेवटी राजा होणाऱ्या काल्पनिक नायकासाठी तो नुसता रंग म्हणून घेणं मला स्वतःला पटत नाही.

पण 'अनौरस'ची खरी अडचण वेगळीच आहे. तुमचा नायक शेवटी रीतसर लग्नातून झालेला निघणार असेल तर तो पहिल्या पानापासून औरसच आहे, फक्त कोणाला माहीत नाही. मग निवेदनात "तो सुभेदाराचा अनौरस मुलगा होता" असं एकदा जरी लिहिलंत तरी लेखिका म्हणून तुम्ही खोटं बोललात. वाचक मागे जाऊन ते वाक्य शोधतात, फँटसीचे वाचक तर शंभर टक्के शोधतात. तेच वाक्य वाड्यातल्या माणसांच्या तोंडी घाला, "लोक त्याला सुभेदाराचा बाहेरचा म्हणत", आता हे खरंच आहे, लोक म्हणतच होते. म्हणजे शब्द कुठला यापेक्षा तो कोण उच्चारतंय हे आधी ठरवा.

गेम ऑफ थ्रोन्स मालिकेत हे फार बारकाईने केलंय. तिथे सरदारांच्या बाहेरच्या मुलांना प्रदेशावरून आडनाव मिळतं, उत्तरेत स्नो, डॉर्नमध्ये सँड, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स. जॉन स्नो हा नेड स्टार्कचा बाहेरचा मुलगा म्हणून वाढतो. २०१६ च्या सीझनच्या शेवटच्या भागात प्रेक्षकाला कळतं की त्याची आई नेडची बहीण लियाना. मग २०१७ मध्ये नेडचा मुलगा ब्रॅन जॉनच्या मित्राला, सॅमला, सांगतो की त्याचं आडनाव खरं तर स्नो नाहीच, तो डॉर्नमध्ये जन्मला म्हणून सँड. म्हणजे आईबाप बदलले तरी तो बाहेरचाच राहिला, फक्त कुठला बाहेरचा ते बदललं. आणि मग सॅम सांगतो की जॉनच्या खऱ्या बापाचं, राजपुत्र रेगारचं, आधीचं लग्न रद्द झालं होतं आणि लियानाशी त्याचं गुपचूप लग्न लागलं होतं, की सँडही गेलं. एकाच गुपिताच्या दोन पायऱ्या झाल्या, बाप कोण ही एक आणि लग्न झालं होतं का ही दुसरी, आणि दोन्ही आडनावावरून कळतात.

हे आडनावाचं तंत्र जसंच्या तसं मराठीत आणू नका. गावावरून किंवा मुलखावरून आडनाव हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की तुमच्या नायकाला अमुककर म्हटलंत तर कोणाला त्यात काही कमीपणा दिसणारच नाही, उलट घरंदाज वाटेल. आपल्याकडे रिकामी जागा दिसते ती मधल्या नावात, बापाच्या नावाच्या जागी. ज्याचं मधलं नाव कोणी घेत नाही असा मुलगा दाखवलात की वाचकाला पुढे काही सांगावं लागत नाही.

आता 'दासीपुत्र' आणि 'कानीन'. हे दोन्ही शब्द फार नेमके आहेत आणि म्हणूनच जपून वापरायचे. दासीपुत्र म्हटलं की आई दासी होती हे आलं, बाप कोण हे लपलेलं असायची गरज नाही, विदुराचा बाप व्यास हे सगळ्यांना माहीत होतं. सूतपुत्र तर याहून वेगळा, त्यात लग्नाबाहेरच्या जन्माचा संबंधच नाही, कर्णाला वाढवणारा अधिरथ सूत म्हणजे सारथी, म्हणून त्याचा मुलगा सूतपुत्र, अपमान आहे तो कुळाचा. आणि कानीन म्हणजे कन्येचा, लग्नाआधी माहेरी असताना झालेला मुलगा. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्र दिलंय आणि त्यावर काशिका या जुन्या टीकेत उदाहरणं आहेत ती कर्ण आणि व्यास यांची.

मनुस्मृतीत नवव्या अध्यायात मुलांचे बारा प्रकार आहेत आणि लपलेल्या जन्माची गोष्ट लिहिणाऱ्याने ते एकदा बघावेतच. लग्नाच्या वेळी आई गरोदर असेल तर सहोढ. नवऱ्याच्या घरात जन्मला पण बाप कोण कळत नाही तो गूढोत्पन्न. आईबापांनी टाकला आणि दुसऱ्याने उचलून घेतला तो अपविद्ध. दुसऱ्याच्या पत्नीच्या ठिकाणी नियोगाने, म्हणजे नवऱ्याच्या वंशासाठी दुसऱ्या पुरुषाकडून, झालेला क्षेत्रज. प्रत्येक शब्दात काय लपलंय आणि काय उघड आहे ते ठरलेलं आहे, त्यामुळे तुमच्या कथेत नेमकं काय लपवलंय ते आधी लिहून काढा, शब्द आपोआप सापडेल. तुमच्या नायकाला आईबापांनी टाकला आणि सुभेदाराने उचलून वाढवला असेल तर तो कानीन असो नसो, अपविद्ध नक्की आहे.

आणि यात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते कर्णाचं. तो कुंतीच्या बाजूने बघितलं तर कानीन आणि राधा-अधिरथाच्या बाजूने बघितलं तर अपविद्ध, एकाच माणसाला दोन शब्द लागू आणि दोन्ही बरोबर. मनूच्या यादीत पहिले सहा वारसा मिळणारे आहेत, नंतरचे सहा नाहीत. अपविद्ध पहिल्या सहांत येतो आणि कानीन नंतरच्या सहांत! म्हणजे त्या यादीप्रमाणे कर्णाचा अधिरथाच्या घरावरचा हक्क पांडूच्या घरापेक्षा पक्का निघतो. आणि ज्या पांडवांच्यात त्याला बोलावत होते ते स्वतः क्षेत्रज, आई तीच कुंती (नकुल-सहदेवांची माद्री), बाप तिथेही देवच, फरक इतकाच की ते लग्नानंतरचे आणि हा आधीचा.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला गुपित सांगतो ते अगदी वकिलासारखं सांगतो, कानीन आणि सहोढ यांचा बाप म्हणजे आईशी लग्न करणारा असं शास्त्र जाणणारे म्हणतात, तू तसा जन्मलास म्हणून धर्माने पांडूचा मुलगा. कर्णाचं उत्तर शास्त्रातलं नाही. तो म्हणतो माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, अधिरथाने माझं जातकर्म केलं, माझं नाव वसुषेण ठेवलं, माझी लग्नं लावली. मग कुंती गंगेवर त्याला भेटते. तो नमस्कार करताना स्वतःची ओळख देतो, "राधेयोऽहमाधिरथिः", मी राधेचा, अधिरथाचा. आणि ती पहिलंच वाक्य म्हणते, "कौन्तेयस्त्वं न राधेयः". एवढं मोठं गुपित आणि ते उघड होतं दोन नावांच्या अदलाबदलीत! राधा-राधेय, कुंती-कौंतेय, गंगा-गांगेय, विनता-वैनतेय, आईवरून मुलाचं नाव करायचा हा 'एय'. बापाचं नाव तिथे नंतर येतं. (आणि आईवरून नाव म्हणजे कमीपणा असं समजू नका, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही आपल्याच मुलखातल्या राजांची नावं, नाशिकच्या लेण्यात कोरलेली. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी येतं.)

याच्या पुढचं बघा. कृष्णाला सगळं माहीत आहे, त्यानेच सांगितलंय, तरी युद्धात कर्णाच्या रथाचं चाक रुततं तेव्हा तो कर्णाला राधेयच म्हणतो. मोरोपंतांची ओळ तर आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते, "तेव्हां गेला होता कोठें राधासुता तुझा धर्म". युद्ध संपल्यावर गंगेवर पाणी द्यायच्या वेळी कुंती पांडवांना सांगते, तेव्हाही ज्याला तुम्ही सूतपुत्र, राधेय समजत होतात तो तुमचा थोरला भाऊ, असंच नावावरून सांगते. म्हणून माझं म्हणणं असं की गुपिताच्या प्रकरणात "तू राजपुत्र आहेस" हे वाक्य अजिबात नको. नायकाला पुस्तकभर एका नावाने हाक मारू द्या आणि त्या एका क्षणी कोणीतरी दुसऱ्या नावाने मारू द्या. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कुठल्या नावाला ओ देतो.

मराठीत यासाठी आणखी दोन सोयी आहेत त्या सोडू नका. एक म्हणजे गावाकडे पोराला विचारतात तो प्रश्न, "तू कोणाचा रे?" नाव नाही विचारत, कोणाचा ते विचारतात, आणि पोरगं सांगतं पाटलाचा, सुताराचा धाकटा. तुमचा नायक सात वर्षांचा असताना वेशीवर कोणी त्याला हे विचारलं आणि त्याने "वाड्यावरचा" असं उत्तर दिलं, तर त्याने कोणाचं नाव घेतलं नाही हे लक्ष देणाऱ्याला कळेल. हाच प्रश्न दुसऱ्या भागात शत्रूला विचारू द्या, तिसऱ्यात त्याला स्वतःला.

दुसरी सोय म्हणजे तू आणि तुम्ही. ज्याला हे गुपित पहिल्यापासून माहीत आहे असा एखादा म्हातारा कारभारी असेलच तुमच्या कथेत. तो चारचौघांत नायकाला इतरांसारखंच "ए पोरा, घे" म्हणतो, पण एकदा आजारपणात औषधाचा पेला पुढे करताना त्याच्या तोंडून "घ्या" निघून जातं आणि तो लगेच "घे रे, घे" म्हणत सावरतो. एवढंच. यावर निवेदकाने एक अक्षर बोलायचं नाही. दोनशे पानांनंतर गुपित कळल्यावर वाचकाला तो "घ्या" आठवेल. आणि उघड झाल्यावर सगळा वाडा अहो-जाहो करायला लागेल तेव्हा जिने वाढवलं ती "जेवलास का" हेच म्हणत राहील, तिथे तू काढून तुम्ही केलंत तर ती बाई परकी होईल.

आणखी एक शब्द हाताशी ठेवा, तोतया. राजघराण्याचा लपवलेला वारस पुढे आला की विरोधी बाजू हाच शब्द काढणार. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला त्याला तोतया म्हणूनच १७७६ मध्ये मारलं. त्याच्याही आधीचं रामराजाचं प्रकरण तर तुमच्या कथेच्या जवळचं आहे, शाहू महाराज १७४९ च्या अखेरीस गेले, ताराबाईंनी लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला, आणि वर्षभरातच ताराबाईंनीच त्याला कैदेत टाकलं आणि हा माझा नातू नव्हेच असं म्हणायला लागल्या. जिच्या शब्दावर वारस ठरला तिनेच शब्द फिरवला तर काय, हे तुमच्या कथेत आलं तर मला फार आवडेल, कारण बहुतेक फँटसीत गुपित कळलं की सगळे ते लगेच खरं मानून मोकळे होतात.

राहिला 'खुलासा'. हिंदीत खुलासा म्हणजे गुपित उघड करणं, आणि टीव्हीवर ऐकून ऐकून आपणही "धक्कादायक खुलासा" म्हणायला लागलोय. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, ऑफिसात उशिरा आलात तर साहेब खुलासा मागवतात तो. गौप्यस्फोट हा पुढाऱ्यांनी पत्रकार परिषदेत करायचा. बिंग फुटतं ते लबाडाचं, म्हणजे तोतयाचं म्हणाल तर चालेल, नायकाचं नाही. तुमच्या प्रकरणासाठी उलगडा चालेल, किंवा "जन्माची गोष्ट" इतकं साधं ठेवलंत तरी पुरे. मी लिहीत असते तर शीर्षकात गुपिताचा उल्लेखच केला नसता, नायकाचं ते दुसरं नाव तेवढं दिलं असतं, जे वाचकाने तोवर एकदाही ऐकलेलं नाही.