सुरुंगांचा खेळ मूळचा कोणाचा?

प्रश्न : सुमारे तीस वर्षांपूर्वी जेल रोडवरील एका संगणक वर्गात, सर बाहेर गेले की आम्ही सारे ‘माइनस्वीपर’ हा लपलेले सुरुंग चुकवण्याचा खेळ उघडून बसत असू. हा खेळ मायक्रोसॉफ्टनेच शोधून काढला, असे माझा भाचा ठासून सांगतो. ते खरे आहे काय? शिवाय पहिल्याच क्लिकला सुरुंग फुटल्याचे मला आठवत नाही. तो योगायोग होता काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे विंडोजवरील खेळापुरते खरे आहे. तो मायक्रोसॉफ्टमधील रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांनी तयार केला, १९९० मध्ये ‘एन्टरटेनमेंट पॅक’ या वेगळ्या संचातून विकला गेला आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ मध्ये रिव्हर्सी या खेळाच्या जागी आला. त्यामुळे ज्यांनी तो कधी मागितला नव्हता, त्यांच्याही संगणकावर तो आपोआप पोहोचला. कल्पना मात्र याहून जुनी आहे.

‘बेसिक’ या संगणकीय भाषेत लिहिलेल्या खेळांच्या एका जुन्या अमेरिकन संग्रहात जेरिमॅक रॅटलिफ यांचा ‘क्यूब’ नावाचा खेळ आहे. तीन गुणिले तीन गुणिले तीन अशा २७ घरांच्या घनात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचे आणि वाटेतील ५ सुरुंग चुकवायचे, एवढाच तो डाव. सुरुंग कोठे आहे याची कसलीही चाहूल खेळणाऱ्याला लागत नसल्यामुळे तो, स्पष्टच सांगायचे तर, कवड्यांच्या दानावर चाललेला सारीपाट होय.

खरा बदल १९८३ मध्ये झाला. इयन अँड्र्यू यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी लिहिलेला ‘माइन्ड-आउट’ क्विक्सिल्व्हा या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात पटाच्या तळापासून वरच्या फटीपर्यंत चालत जायचे असते, आणि लगतच्या घरांत किती सुरुंग आहेत, तो आकडा पावलागणिक समोर येतो. आमच्या मते या खेळाचा प्राण हा आकडाच आहे, कारण त्यामुळेच नशिबाच्या खेळात तर्काला जागा मिळाली. १९८५ च्या सुमारास डॉस या विंडोजआधीच्या संगणक-प्रणालीवर आलेल्या ‘रिलेन्टलेस लॉजिक’मध्येही एका सैनिकाला सुरुंगांतून वाट काढीत पलीकडे पोहोचायचे असते.

विंडोजवरील खेळात हे चालणेच उरले नाही. कोणतेही घर उघडावे, संशयिताला झेंडा लावावा आणि सारा पट निर्धोक करावा, असे त्याचे रूप झाले. नवशिक्यासाठी ६४ घरांत १० सुरुंग, तर तरबेज खेळाडूसाठी ४८० घरांत ९९!

पहिल्या क्लिकचा मात्र योगायोग नव्हे. आपण निवडलेल्या पहिल्याच घराखाली सुरुंग निघाला, तर त्या काळचा प्रोग्राम तो गुपचूप उचलून पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवीत असे, आणि तो कोपरा आधीच व्यापलेला असला तर पुढच्या रिकाम्या घरात.